वैशाखातला वाटा

वैशाखात शेत सर्वांत कमी देते आणि सर्वांत जास्त मागते. बाजारातून भाजी घेणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही. एका गावची कोथिंबीर करपली तर दुसऱ्या गावची येते. भाव तेवढा वाढतो. आमच्या घरी मात्र गेली चार वर्षे भाजी एकाच मळ्यातून येते. जुन्नर तालुक्यातील हा दोन एकरांचा मळा एक दांपत्य कसते आणि पुण्यातील तीस-पस्तीस कुटुंबे त्याची वाटेकरी आहेत. हंगामाचे पैसे आम्ही आगाऊ भरतो आणि जे पिकेल त्याचा वाटा आठवड्यातून एकदा टोपलीतून घरी येतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने अशी पद्धत रुजली. अमेरिकेत तिचा आरंभ १९८६ मध्ये झाला. तत्त्व साधे आहे : पिकले तर सर्वांचे, बुडाले तरी सर्वांचे.

या तत्त्वाची परीक्षा उन्हाळ्यात होते. पारा चाळिशीकडे सरकला की टोमॅटोची फुले गळतात, पालक मान टाकतो, वांग्यावर लाल कोळी पसरतो आणि वेलवर्गीय फळांना फळमाशी डंख करते. मळ्यातली ताई पहाटे पाचला तोडणी सुरू करते. नऊनंतर उन्हात उभे राहवत नाही. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते, म्हणून वाफ्यांवर उसाच्या पाचटाचे आच्छादन आणि ठिबकचे मोजके पाणी. थंडीत पाच किलो भरणारी टोपली मे महिन्यात तीन किलोंवर येते : काकडी, दुधी, गवार, तांदुळजा, चाळीतला कांदा आणि चार कैऱ्या.

टोपली उघडण्याचा मान आमच्या आप्पांचा. माझे सासरे शहाऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्याची पहिली चाळीस वर्षे त्यांनी स्वतः शेती केली. भेंडी मोडून तिचा कोवळेपणा सांगणे, काकडी कापून प्रथम स्वतः चाखणे, मगच इतरांना देणे, ही त्यांची जुनी रीत. परंतु वयाबरोबर जिभेची जाण मंदावते. गेल्या दोन वर्षांत आमटीतले मीठ त्यांना कळेनासे झाले आहे, हे मी पाहत होते. ते मात्र त्याविषयी कधी बोलले नाहीत.

गेल्या वैशाखात दुधी आला. सकाळी दुधीचा रस घेण्याची त्यांना सवय होती, तोही लिंबू आणि पुदिना घालून. रस काढण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे एक लहान चकती जिभेवर ठेवली आणि तत्काळ थुंकून टाकली. ती कडू जहर होती. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात. तीव्र उष्णता आणि पाण्याचा ताण यांमुळे त्यांचे प्रमाण वाढू शकते. असा रस पोटात गेल्यास तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकाएकी खालावणे, असे प्रकार घडतात. वृद्धांच्या ते जिवावर बेतू शकते. त्यावर विशिष्ट उतारा नाही. म्हणूनच कडू दुधीचा रस मुळीच घेऊ नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने बजावले आहे. शिजवल्याने किंवा लिंबू-साखर घातल्याने हा दोष जातो असे मानू नये. चुकून घेतला गेला आणि त्रास वाटू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

मी आप्पांना काय घडले ते सांगितले. त्यांनी चकती हाती घेतली, क्षणभर पाहिली आणि खाली ठेवली. “आता चाखायचं काम तुझं,” एवढेच ते म्हणाले. मोठा अधिकार सोपवण्याचा तो क्षण होता. मी त्यावर काही बोलले नाही. भेंडी मात्र आजही तेच मोडून पाहतात.

त्याच दिवशी ताईला फोन केला. तिने सारवासारव केली नाही. सर्व वाटेकऱ्यांना तत्काळ निरोप धाडला आणि पुढच्या टोपलीसोबत चिठ्ठी आली : “दुधीचे वेल उपटले आहेत. तीन आठवडे दुधी नाही. बाकी वेलभाज्या चाखूनच वापराव्यात.” त्या तीन आठवड्यांचे पैसे कोणी परत मागितले नाहीत.

दुधीऐवजी तांदुळजा वाढला, तेव्हा दुसरे पथ्य आठवावे लागले. आप्पा रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन घेतात. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे या औषधाचा परिणाम बदलतो. म्हणून पालेभाजी बंद न करता तिचे प्रमाण आठवडाभर सारखे ठेवायचे असते. उरलेल्या जुड्या शेजारी गेल्या. उतारवयात तहानही कमी लागते, म्हणून ठरावीक वेळांना पाणी हाती द्यावे लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे माप डॉक्टरांनाच विचारावे.

ज्येष्ठात नव्या हंगामाचे पैसे भरायची वेळ आली, तेव्हा दोन कुटुंबे बाहेर पडली. आमच्या घरीही चर्चा झाली. “ज्यानं वेल उपटले, त्याचा माल खावा,” असे आप्पा म्हणाले. आम्ही पैसे भरले.