‘राइस’ला जपानीत काय म्हणावे?

१/ जपानी भाषेच्या वर्गात एकदा एका इंग्रजी वाक्याचे भाषांतर करावयाचे होते : ‘त्या वर्षी घरात राइस नव्हता.’ मी विचार न करता ‘गोहान’ लिहिले. बाईंनी त्याखाली रेघ ओढून विचारले, “म्हणजे नुसता स्वयंपाक झाला नव्हता का?” तो प्रश्न माझी पाठ सोडीना, म्हणून हा धागा.

२/ शेतात उभे पीक म्हणजे ‘इने’. झोडपून, सडून हाती आलेला दाणा ‘कोमे’. शिजून वाडग्यात आला की ‘गोहान’. याच शब्दाचा दुसरा अर्थ जेवण : ‘आसागोहान’ सकाळचे, ‘बानगोहान’ रात्रीचे.

३/ कोमे हे केवळ धान्य नव्हते. एदो काळात (१६०३–१८६८) संस्थानांची योग्यता ‘कोकु’ या मापाने ठरे. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर; ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे तांदूळ. कागा हे संस्थान दहा लाख कोकुंचे म्हणून प्रसिद्ध होते. सामुराईंचे वेतनही तांदळातच मोजले जाई. १८७३ च्या महसूल सुधारणेनंतर सारा रोखीने भरावा लागू लागला.

४/ पुढे इंग्रजी शब्दही ‘राइसु’ होऊन जपानीत रुळला. वाडग्यातला भात ‘गोहान’. पाश्चात्त्य धर्तीच्या उपाहारगृहात तोच ताटलीत आला की ‘राइसु’.

५/ ‘कोमे’च्या चित्राक्षराची फोड ‘आठ-दहा-आठ’ अशी करतात. दाणा पिकवण्यास ८८ प्रकारचे कष्ट लागतात, असे लोक म्हणतात. ८८ व्या वाढदिवसालाही याच अक्षरावरून ‘बेइजु’ हे नाव आहे.

६/ मला कोकणातली आजी आठवली. तिच्या बोलण्यात शेतातले ‘ते भात’ आणि ताटातला ‘तो भात’. मधल्या टप्प्यावर तांदूळ. जपानीने जे काम तीन शब्दांनी केले, ते मराठीने दोन शब्द आणि एका लिंगभेदाने साधले. इंग्रजी शब्दात मात्र तिन्ही अवस्था झाकल्या जातात.

७/ पीक बुडाले, कणगी रिकामी झाली, की चूल पेटली नाही? ही तीन निरनिराळी दुःखे आहेत. भात पिकले नाही, हे आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळेपणी सांगे. ते साऱ्या गावाचेच दुःख असे. घरातले तांदूळ संपले, हे मात्र ती आजोबांच्या कानाशी लागून सांगे. मी ‘गोहान’ खोडले आणि ‘कोमे’ लिहिले.