भिंतीवरचे देव

सुरतेत सहारा दरवाजाजवळच्या एका कापड मार्केटचा जिना चढताना कोपऱ्याकोपऱ्यावर देव भेटतात. गणपती, साईबाबा, मगरीवर बसलेली खोडियार मा, शेजारी मक्का, त्याच्याशेजारी क्रूस. सगळे चिनी मातीच्या फरशीवर, सगळे गुडघ्याच्या उंचीला. माव्याची पिचकारी तिथवरच पोचते, म्हणून. वॉचमनला पगार लागतो, देवाला लागत नाही.

इटलीतल्या नेपल्सनं हीच युक्ती अठराव्या शतकात केली. रात्री चोर गल्लीतले दिवे फोडत. फादर रोक्को नावाच्या धर्मगुरूनं नाक्यानाक्यावर मेरीच्या तसबिरी लावून घेतल्या आणि त्यांच्यापुढच्या दिव्यांचं तेल गल्लीवर सोपवलं. त्या दिव्यांना हात लावायची चोरांची छाती झाली नाही.

मला मात्र बिनकामाचे देव आवडतात. लिंबायतच्या एका बोळात इलेक्ट्रिकच्या खांबाला टेकून हातभर देवळी आहे. आत वणीची सप्तशृंगी: अठरा हात, अंगभर शेंदूर, मान किंचित कललेली. बाजूच्या घरांतून यंत्रमागांची खडखड चालू. मी चपला काढतोय तोवर कुणीतरी विचारलं, "कथाईन उनात भाऊ?" सुरतेत अहिराणी ऐकून नवल वाटायचं कारण नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारची गावंच्या गावं येऊन राहिली आहेत.

अमळनेरची आजी श्रावणात कानबाई बसवायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी. कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे, नाकात नथ. रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातली माणसं मोजून काढायचे. आजी एकेकाचं नाव घेत मूठ टाकायची आणि एका नावापाशी हमखास थांबायची: सुरतेला गेलेला धाकटा काका. तो कधी येई, कधी नाही. त्याची मूठ मात्र कधी चुकली नाही. पीठ जात्यावर पडायचं आणि त्यात त्याचंही मिसळून जायचं. मग रात्रभर बायकांची गाणी. मला आठवतो तो समईच्या तेलाचा वास आणि आजीचा दम, "रोटले हात लावू नको!" सोमवारी कानबाई डोक्यावर बसून, वाजतगाजत नदीला. वर्षभर तिला कुठल्या नाक्यावर जागा नको की फरशी नको. असा देव मला फार सभ्य वाटतो.

काकाच्या घरी सुरतेतही आता कानबाई बसते. सुरतेची तापीही आमच्याकडचीच, भुसावळ-प्रकाशे करत खाली आलेली, मध्ये उकाईला अडवलेली.

श्रावणात त्या सोमवारी लिंबायतला जरूर जा. मिरवणूक बघा, कुणी फुगडीला ओढलं तर खेळा. रोट मात्र मागू नका. ते भाऊबंदांतच खातात, पाहुण्याला मिळत नाहीत.