जाळावें कीं कुजवावें?

रामनवमीच्या सुमारास मानोरा तालुक्यांतून पोहरादेवीकडे जाणाऱ्या वाटांवर दोन गोष्टी दृष्टीस पडतात. एक, जगदंबेच्या व संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या बंजारा भाविकांची रांग. दुसरी, मोकळ्या झालेल्या वावरांतून उठणारा धूर. आमचा धर्म निराळा असला, तरी त्या भाविकांच्या श्रद्धेविषयीं आम्हांस आदर आहे. धुराविषयीं मात्र चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कारण ज्या घरांच्या वावरांत तो उठतो, त्यांतील कित्येक घरांचीं मुलें आमच्यासमोर बाकांवर बसतात.

पालकसभेस आलेल्या तांड्यावरील एका गृहस्थांनीं आम्हांस सरळच विचारलें, "गुरुजी, गोठ्यात बैल राहिले नाहीत, मजूर भेटत नाही, काडी लावली की एका संध्याकाळी वावर मोकळं. कुजवत कोण बसेल?" ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर हिंडले, त्यांच्याच गोठ्यांत आज बैल नसावा, हें ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर उपदेशानें नव्हे, हिशेबानें दिलें पाहिजे.

झाडाचें पान हवेंतील कर्बवायु घेतें व सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यापासून आपलें काष्ठ घडवितें. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनांत निम्म्याच्या जवळपास भाग कर्बाचाच असतो. ती पेटविली कीं तो कर्ब घटकाभरांत हवेंत परत जातो, बहुतेक नत्रही जातें, आणि मागें राख उरते. तीच मातींत कुजली, तर बुरशी व सूक्ष्म जंतु तिच्यावर पोसतात. पुष्कळसा कर्ब त्यांच्या श्वासावाटे हवेंत जातो हें खरें; परंतु कांहीं अंश चिकण मातीच्या कणांस बिलगून वर्षानुवर्षें टिकतो. ह्यासच सेंद्रिय कर्ब म्हणतात.

एक एकर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर सुमारें ८०० टन भरतो. त्यांतील सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.४० वरून ०.५० झाला, तर ८०० किलो कर्ब मातींत नवा सांठला. कर्बाच्या १२ भागांशीं प्राणवायूचे ३२ भाग मिळून कर्बवायूचे ४४ भाग होतात. म्हणजे त्या एकरानें सुमारें ३ टन कर्बवायु हवेंतून काढून घेतला. विद्यार्थ्यांनीं हें गणित वहींत करून पाहावें. अर्थात् ही वाढ एका हंगामांत होत नाहीं. वऱ्हाडच्या उन्हांत मातींतील कर्ब लवकर झिजतो. म्हणून तिला दरवर्षीं घास द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यास वायूशीं काय कर्तव्य? त्यास पाण्याशीं कर्तव्य आहे. कर्बानें माती भुसभुशीत होते, पाऊस वाहून न जातां आंत मुरतो, आणि श्रावणांत पंधरा दिवसांचा खंड पडला तरी सोयाबीन तग धरतें. शुभवर्तमानांतील पेरणाऱ्याच्या दृष्टान्तांत खडकाळीवरचें रोप उन्हानें कां करपलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

आतां कुजवावें कसें? अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत इंदूर येथें, आपल्यासारख्याच काळ्या जमिनींत, हा प्रश्न सोडविला, व यशवंत वाड ह्यांच्यासह १९३१ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पऱ्हाटी व तुराट्या टणक, म्हणून त्यांनीं त्या गाडीवाटेवर पसरल्या. चाकांखालीं त्यांचा चुरा झाला. तो शेण, माती, राख व पाणी ह्यांसह रचून अधूनमधून पालटला, आणि सुमारें तीन महिन्यांत खत झालें. आज गाड्यांच्या जागीं ट्रॅक्टरला जोडावयाचें कुट्टीयंत्र आहे. चार घरांनीं मिळून तें भाड्यानें आणावें. गुलाबी बोंडअळीच्या भयानें पऱ्हाटी उभी ठेवूं नये हें योग्यच. किडकीं बोंडें वेचून नष्ट करावीं, बाकीची कुट्टी करून कुजवावी. धुऱ्यावरचा निंब व बाभूळही तोडूं नयेत. त्यांच्या खोडांत व मुळांतही हाच कर्ब सांठतो.

अलीकडे कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देऊं, असें सांगणारेही भेटतात. केंद्रीय कृषिमंत्रालयानें २०२४ सालीं ह्या बाजाराचा आराखडा प्रसिद्ध केला आहे. तेव्हां गोष्ट सर्वस्वी पोकळ नव्हे. तथापि करार किती वर्षांचा, मोजमाप कोणी करावयाचें, आपला वांटा किती, आणि मध्येंच जमीन विकावी लागली तर काय, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वीं विचारावे. घरांतील शिकत्या मुलामुलींनीं तो कागद वडिलांस मोठ्यानें वाचून दाखवावा.

त्या गृहस्थांस आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, सर्व नको, एकच एकर न जाळतां ठेवा; मातीचें परीक्षण आतां एकदां व तीन वर्षांनीं पुन्हां एकदां करा. ते "बघू" म्हणाले. त्यांचा मुलगा आठवींत आहे. दुसरें परीक्षण होईल तेव्हां त्याची शालान्त परीक्षा आटोपलेली असेल. परीक्षणपत्रिकेवरील तो आंकडा वडिलांस समजावून देणें, ही त्याची खरी परीक्षा.