आमचे फादर

मराठीत ‘फादर’ म्हटले की डोळ्यांपुढे पांढरा झगा येतो. वडिलांना कोणी फादर म्हणत नाही. ते पप्पा असतात, डॅडी असतात, जुन्या घरांत बाबा असतात. म्हणून १९९९ च्या दिवाळीच्या सुट्टीत वेदीसेवकांची सहल ‘फादर्ससह’ गोव्यातील राशोलच्या सेमिनरीला जाणार, अशी इंग्रजी सूचना चर्चच्या फलकावर लागली तेव्हा आम्हा चौदा मुलांचा एकच समज झाला. आमच्याबरोबर फुटबॉल खेळणारे तरुण धर्मगुरू येणार, गाडीत गिटार वाजणार. रविवारी मिस्सेनंतर उलगडा झाला की न्यायचे आहे ते आपापल्या वडिलांना. देवाच्या सेवेची जी हाक येते तिला आमच्यात पाचारण म्हणतात. ती मुलाला ऐकू यायची तर आधी घरात ऐकू आली पाहिजे, असे आमच्या धर्मगुरूंचे मत होते. आमचा निम्मा उत्साह तिथेच मावळला.

का मावळला, हे आज लिहिताना संकोच वाटतो. आम्ही परळ-लालबाग-दादरच्या चाळींतली ईस्ट इंडियन मुले. हे इंग्रजी नाव आमच्या पूर्वजांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःला घेतले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण मुंबईचे मूळचे, हे सरकारच्या ध्यानात यावे म्हणून. नाव इंग्रजी झाले तरी घरातली बोली मराठीच राहिली. आमच्या पिढीला मात्र इंग्रजी शाळेत घातले गेले. रविवारी भल्या पहाटे मराठी मिस्सा होई. तिला आमचे वडील आणि आज्या जात. आम्ही नंतरच्या, भरलेल्या चर्चमधल्या इंग्रजी मिस्सेचे वेदीसेवक. वडिलांच्या आणि आमच्या देवाची वेळसुद्धा वेगळी होती. शाळेच्या अर्जावर ‘फादर्स ऑक्युपेशन’ या रकान्यात काय लिहावे, हा आमच्यातल्या अनेकांचा वार्षिक प्रश्न असे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली होती. त्यानंतर कोणी वॉचमन, कोणी टॅक्सीवर, कोणी नुसतेच घरी.

कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मडगावला उतरलो. राशोल तिथून जवळच. कापणी झालेली शेते, पलीकडे जुवारी नदी, किल्ल्याचा उरलेला एक दरवाजा आणि टेकाडावर ती अवाढव्य पांढरी वास्तू. १६०६ साली जेज्वितांनी पायाभरणी केली. १७५९ साली पोर्तुगीज सत्तेने त्यांना घालवून दिल्यावर ते विद्यालय धर्मप्रांताकडे आले. तिथले ब्रदर आमच्याहून फार मोठे नव्हते. लांबलचक ओवऱ्यांतून ते आम्हाला हिंडवत होते. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय त्या काळी तिथेच होते (पुढे २००२ मध्ये ते जुन्या गोव्यात गेले). हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपकरणी पाहत आम्ही पुढे, आणि वडिलांचा घोळका चार पावले मागे, हात पाठीशी बांधून, गप्प.

तिथल्या एका प्राध्यापक धर्मगुरूंनी इंग्रजीतून सांगितले की १६१६ साली राशोलच्या छापखान्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आम्हाला त्याचे काहीच नव्हते. तेवढ्यात मागून आवाज आला, “फादर, मराठी भाषेची थोरवी सांगणारे ते फादर स्टीफन्स इथलेच का?” विचारणारे अंकल आमच्यातल्याच एकाचे वडील. एके काळी गिरणीत साचेवाले होते, तेव्हा एका सोसायटीच्या गेटवर बसत. धर्मगुरूंनी हो म्हटले. अंकलनी हात जोडले आणि शाळेत म्हणावयास लावत त्या चालीत त्या ओव्या म्हणू लागले. सातवीच्या पुस्तकात होत्या म्हणे. मध्ये एकदा अडखळले. शेजारच्या दुसऱ्या अंकलनी शब्द पुरवला. मग आणखी दोघे मिसळले.

आम्ही हसलो. अगदी मोठ्याने नाही, पण त्यांना ऐकू येईल इतके. ज्याचे वडील म्हणत होते तो वळून खिडकीबाहेर पाहू लागला. धर्मगुरू मात्र संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग मोडक्या मराठीत म्हणाले, “पुन्हा एकदा म्हणाल?”

त्या ओव्या रचणारा माणूस इंग्लंडात जन्मला, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्यातली बरीच वर्षे त्याने साष्टीत काढली. मुंबईलाही एक साष्टी आहे. आमचे पूर्वज तिथले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली पुराणे सुटल्याची खंत होती. त्यांच्यासाठी त्याने त्यांच्याच ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. नागरी खिळे नव्हते म्हणून ते रोमन अक्षरांत छापावे लागले. शतक संपण्याआधीच, १६८४ साली, पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने लिहून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. हे सारे आम्हाला फार नंतर, पुस्तकांतून कळले. त्या दिवशी एवढेच दिसले होते की सबंध सेमिनरीत ज्यांना ते पुराण तोंडपाठ होते, ती माणसे आमच्याबरोबर आली होती.

परतीच्या गाडीत आमच्या धर्मगुरूंनी वडिलांना विचारले, “समजा, मुलाला हाक आली. तुम्ही त्याला द्याल?” बाकीचे हसून टाळते झाले. साचेवाल्या अंकलना तो एकुलता एक. ते बराच वेळ बाहेर पाहत होते. मग म्हणाले, “देईन, फादर. पण तो आमची पहाटेची मिस्सा करील का?” यावर धर्मगुरू काही बोलले नाहीत. आम्ही वरच्या बर्थवर झोपल्याचे सोंग घेऊन सारे ऐकत होतो.

आमच्यातला कोणीच धर्मगुरू झाला नाही. एकजण गोरेगावच्या सेमिनरीत तीन वर्षे राहून परतला. पहाटेच्या मिस्सेची माणसे एकेक करून कमी झाली. साचेवाले अंकल २०११ साली गेले. आपली अंत्यविधीची मिस्सा मराठीतच व्हावी, असे त्यांनी मुलाला बजावून ठेवले होते. चौदांपैकी नऊजण आलो. शाळेत मराठी विषय होता, नागरी अक्षरे लावून लावून वाचता येत; पण मिस्सेतली उत्तरे धर्मगुरूंच्या मागोमाग, न थांबता द्यायची असतात. आमची फजिती होणार हे ओळखून कोणीतरी त्या उत्तरांचे कागद रोमन अक्षरांत छापून आणले होते. ते हातात धरून आम्ही मराठी बोललो.

त्या कागदाकडे पाहताना राशोल आठवले. फादर स्टीफन्सपाशी नागरी खिळे नव्हते, आमच्यापाशी सवय नव्हती. त्यांनी रोमन अक्षरांतून एक परकी भाषा आपली केली होती. आम्ही त्याच अक्षरांतून आपल्या भाषेत परक्यासारखे अडखळत होतो. मुलाने सगळी उत्तरे खालच्या आवाजात दिली. मिस्सा संपल्यावर त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्हाला विचारले, “त्या ओव्या कोणाला येतात का रे?”

कोणालाच येत नव्हत्या.