थेट दुसऱ्या वर्षाला

2024च्या जुलैत मी भोरहून वेल्ह्याला आपाकडे गेले, तेव्हा तोरणा ढगात गडप होता आणि घरातही तसंच वातावरण. भाची इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. पेढे आणलेले होते, पण डबा तसाच बंद. शिरवळच्या एका कारखान्यातून तिला ट्रेनी म्हणून बोलावणं आलं होतं आणि पोरगी म्हणत होती, मला डिग्री करायचीय.

"टीचर, आता तुम्हीच सांगा," मेहुणे म्हणाले. "तीन वर्षं शिकली, तिसरं पास झाली. आता डिग्रीला घालायचं तर दुसऱ्या वर्षाला बसवणार म्हणे. म्हणजे मागंच ढकललं ना?"

मला हसू आलं, पण माणूस वावगं बोलत नव्हता. 'थेट द्वितीय वर्ष' हे शब्द ज्याला ही वाट ठाऊक आहे त्याला बढतीसारखे वाटतात. ज्याच्या घरात अजून कुणी दहावीपुढे गेलं नाही त्याला ते नापास झाल्यासारखे वाटणारच.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि दुसऱ्या वर्षापासून डिग्रीची तीन, तीही सहाच. सीईटी नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर. आणि उद्या काही अडचण आली, शिक्षण मधेच सुटलं, तर बारावीवाल्याकडे बारावीचा कागद उरतो, हिच्याकडे डिप्लोमा राहणार.

फीचा प्रश्न त्याच महिन्यात सुटल्यासारखा झाला होता. आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षणातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ, असा सरकारी निर्णय जुलै 2024 मध्ये निघाला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. म्हणून भाचीला बजावलं, कॉलेजवाले कितीही गोड बोलले तरी मॅनेजमेंटच्या जागेकडे बघायचं नाही.

"आणि राहायचं कुठं?" मेहुण्यांचा खरा प्रश्न हा होता. आडनाव ऐकून 'खोली कालच दिली' म्हणणारे घरमालक मला बीएडच्या वेळी भेटलेत, त्यामुळे मी काही खोटा धीर दिला नाही. होस्टेल मिळालं तरच, असं ठरत होतं. इतका वेळ गप्प बसलेली आपा कप उचलता उचलता म्हणाली, "मला दहावीनंतर थांबवलं, तेव्हा पण सगळे म्हणाले होते, बास झालं."

आपा शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती. त्यानंतर शिरवळचा विषय कुणी काढला नाही.

कागदपत्रांनी मात्र घाम काढला. भाचीच्या नावात एक 'ज़' आहे. उर्दूत या उच्चाराची चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. पोरांना ती घोटून घ्यायची हा माझा रोजचा धंदा. पण दाखल्यावर त्याचा 'ज' झालेला, आधारवर 'झ', आणि इंग्रजीत एका ठिकाणी जे तर दुसरीकडे झेड. पडताळणीत फॉर्म अडकला. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव देण्यासाठी अर्ज केला. त्याच वर्षी मार्चमध्ये मंत्रिमंडळाने अख्ख्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली होती. आम्हाला एका अक्षरासाठी तीन हेलपाटे पडले.

प्रवेश झाला, होस्टेलही मिळालं. पण डिप्लोमावाल्यांच्या फेऱ्या उशिरा संपतात, ही पोचली तोवर वर्ग कधीच सुरू झालेले. बारावीवाल्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं, आणि हिच्यासमोर एकदम एम-थ्री. लाप्लास, फूरिए. फोनवर रडायची. "खाला, सर विचारतात, हे मागच्या वर्षी झालंय ना? सगळे हो म्हणतात. मी पण म्हणते."

त्या 'हो'वर मी रागावले. वर्गात न समजता मान हलवणारी पोरं मी वीस वर्षं बघतेय, आणि आमच्याच घरातली पोरगी तेच करत होती. पहिल्या सत्रात एम-थ्री राहिला. मेहुण्यांना आठ दिवस कळू दिलं नाही, हे काही बरोबर केलं नाही आम्ही.

पण प्रॅक्टिकलला तीच मुलं हिच्या टेबलाशी यायची, कारण मोटरच्या जोडण्या हिने तीन वर्षं हाताने केलेल्या. एका मुलीशी सौदा ठरला. तिने हिला गणित शिकवायचं, हिने तिला मशीन लॅब. ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्म्याची वाटी वहीवर ठेवून गणितं सोडवत होती. आपा ओरडली, पण वाटी नुसती बाजूला सरकवली, वही उचलली नाही.

उन्हाळ्यातल्या परीक्षेत एम-थ्री सुटला. जुलैत मेहुण्यांचा फोन.

"टीचर, पास झाली. आता कितवं?"

"तिसरं."

ते जरा थांबले. "म्हणजे परत तिसरंच?" आणि स्वतःच हसत सुटले.