अर्धा व्यवहार

उजनी धरणाच्या पाण्यात आमची करमाळा तालुक्यातली जमीन गेली. सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव लगेच उडालं. पर्यायी जमीन नावावर चढेपर्यंत वडिलांचं निम्मं आयुष्य सरलं. १९८० साली धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचा यशवंतसागर जलाशय उभा राहिला, काठावर ऊस आणि केळी पिकली. आजोबा धरणाला वाईट बोलले नाहीत. ‘घेणं झालं, देणं राहिलं. अर्धाच व्यवहार,’ एवढंच म्हणायचे.

वडील सोसायटीची कीर्द लिहीत. जमा आणि नावे जुळल्याशिवाय जागचे उठत नसत, मग जेवण गार होवो की लाईट जावो.

मी काठावरच्या दूध संकलन केंद्रांचे हिशेब पायथनमध्ये बांधतो. दहा दिवसांच्या बिलातून पेंडेची उचल कापताना नोंदी दोन पडतात: बिलातून रक्कम वजा आणि उचल खात्यात तेवढीच जमा. पहिली पडून दुसरीच्या आधी प्रोग्रॅम अडला, तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईची तीच उचल पुढच्या बिलात पुन्हा कापली जाते.

म्हणून दोन्ही नोंदी एकाच ‘विथ’ ब्लॉकमध्ये ठेवतो. २००६ साली पायथन २.५ मध्ये ही सोय आली. एसक्यूलाइट डेटाबेसचं कनेक्शन ‘विथ’ला दिलं की सगळं सुरळीत झाल्यावर कमिट होतं, मध्येच एरर आली तर रोलबॅक होऊन पहिली नोंदही मागे येते. कनेक्शन बंद करणं मात्र आपल्याकडे. वीजच गेली तर ‘विथ’ला सवडच मिळत नाही, तेव्हा डिस्कवरचं जर्नल उपयोगी पडतं आणि पुढच्या खेपेला डेटाबेस उघडताना अर्धवट राहिलेलं काम मागे घेतलं जातं.

रोलबॅकनंतर ती एरर वर येते, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिला ‘एक्सेप्ट, पास’ लिहून दाबलं तर बिल निघालं नाही हे कुणाला कळतच नाही. माझ्या पडद्यावर स्पष्ट येतं: बिल निघालेलं नाही, कपात झालेली नाही, पुन्हा करा.

पण धरणाला रोलबॅक नाही. गाव बुडवल्यावर ते परत काढता येत नाही, म्हणून तिथं देणं आधी पुरं व्हायला हवं होतं. प्रोग्रॅममध्येही असं काही असतं: बिलाचा एसएमएस एकदा गेला की परत येत नाही, म्हणून तो कमिट झाल्यावरच सुटतो. हाताखाली येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: जे मागे घेता येणार नाही, ते सगळ्यात शेवटी करा.