पेशींचे माहेर

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर १९५८ साली निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे शिकणारा माझा भाचा जेवायला येतो, तेव्हा वरणभाताबरोबर थोडे शास्त्रही वाढून जातो!

मेंढीच्या आतड्यात जंतूंशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती बनवणाऱ्या पेशी येतात कोठून? भाचा सांगतो, कोकराच्या लहान आतड्याच्या शेवटी एक लांबलचक पट्टा असतो. अशा चकत्यांचे वर्णन १६७७ साली पायर या स्विस वैद्याने केले, म्हणून त्यांना त्याचे नाव. त्या पट्ट्यात पेशी अगणित वाढतात. बहुतेक तेथेच मरतात. थोड्या रक्तात शिरून बाहेर पडतात. पुढे आतड्यातल्याच दुसऱ्या चकत्यांत काहींची जंतूंशी ओळख होते. मग पुन्हा रक्तातून फेरी, आणि अखेर आतड्याच्या अस्तरातच येऊन त्या कामाला लागतात.

मात्र तो मूळचा पट्टा टिकत नाही. मेंढी दीडेक वर्षाची होईतो तो विरून जातो.

मला हे फार लागले. महालातला आमचा वाडा गेल्या वर्षी विकला, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली होती, "दादा, आता दिवाळीला यायचे कुठे?" मजजवळ उत्तर नव्हते.

परवा तिने पुण्याहून अनारसे पाठवले. जाळी अगदी आईच्या हातची! माहेर पडते; पण तेथे शिकलेले हात कामाला लागलेले असतात. यंदा दिवाळीला मीच तिच्याकडे निघालो आहे.